मोहाच्या झाडाखालची पांढरी रेघ

जव्हारला लोक पावसाळ्यात जातात, धबधबे बघायला. मी चैत्रात गेलो. चैत्रात तिथं धबधब्याच्या जागी नुसता काळा कातळ असतो आणि त्यावर गेल्या पाण्याचे पांढरे ओघळ. तुम्ही गेला नसाल तर चैत्रात जाऊ नका, असंच मी सांगेन. मला एका झाडासाठी जावं लागलं.

माझी ओळख एवढीच, की शाळा सातवीपर्यंत, तीही ओढूनताणून. पलटणीत लांगरी होतो, म्हणजे स्वयंपाकी. नोकरीच्या शेवटी शेवटी आफ्रिकेत गेलो. सगळ्या देशांनी मिळून शांतता राखायची जी संस्था काढली आहे, तिच्या निळ्या टोपीवाल्या फौजेत. आता नाशिकला दोन खोल्यांत राहतो. माझी बायको हिरा गेल्या भाद्रपदात गेली. आमच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर एक मास्तर येतात. ते म्हणाले, जाऊन आलास तर लिहून काढ, मन लागेल. मन काही लागलं नाही. लिहून मात्र झालं.

हिराचं माहेर मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या पुढं एका पाड्यावर. तिला दोन भाऊ. थोरला महादू पाड्यावरच शेती करतो, भात आणि नागली. धाकटा लहानू जामसरला घरजावई गेला, म्हणजे जव्हार तालुक्यात. बाप गेल्यावर दोघांच्या मधे एक मोहाचं झाड राहिलं. ते उभं आहे महादूच्या बांधावर. चैत्रात त्याची फुलं पडतात, ती वेचायची, वाळवायची, थोडी घरात खायची, बाकीची विकायची. महादू म्हणतो, तू बायकोच्या घरी गेलास, तुझा बांध सुटला. लहानू म्हणतो, जमीन तुला, पण झाड दोघांचं, बाप तोंडानं बोलून गेलाय.

हे मला चाळीस वर्षं ऐकून माहीत. हिरा दर चैत्रात पंधरा दिवस माहेरी जायची. मला वाटायचं, आरामाला जाते. परत यायची तेव्हा हात रापलेले आणि कंबर धरलेली असायची. आराम करून कंबर कशी धरते, हे मी एकदाही विचारलं नाही.

या चैत्रात महादूच्या बायकोचा, जानकी वहिनीचा फोन आला.

"दाजी, यांनी झाडाला कुराड लावली. एक घाव घातला. म्हनतात, झाडच नको, म्हंजे कटकट नको. लहानू भावजी कोयता घेऊन समोर उभं. मी मधी पडले. तुमी या, नायतं झाड जाईल नायतं मानूस."

हिरा दवाखान्यात शेवटी म्हणाली होती, "मोहाला जा." मी म्हणालो होतो, "मोहाचं काय करायचंय आता, आधी गोळी गिळ." तिनं गोळी गिळली आणि भिंतीकडं तोंड केलं. हे आमचं शेवटून दुसरं का तिसरं बोलणं.

मी पिशवी भरली.

जव्हार, जामसर

नाशिकहून जव्हारची एसटी त्र्यंबकवरून, मोखाड्यावरून जाते. त्र्यंबक सोडलं की रस्ता वळायला लागतो आणि डोंगर उघडेबोडके दिसायला लागतात. साग पानं टाकून उभा. मधेच एखादा पळस. पाण्याची हंडी डोक्यावर घेतलेल्या बाया रस्त्याच्या कडेनं चालतात, बस आली तरी मागं वळून बघत नाहीत. आमच्याकडं नळाला अर्धा तास पाणी कमी आलं तर लोक नगरसेवकाच्या दारात जातात.

मोखाड्याच्या स्टँडवर बसच्या खिडकीतून वडापाव घेतला तेव्हा कळलं की खालची कवळी घरी कपात राहिली. पंधरा दिवस वरच्या दातांवर काढायचे. हिरा असती तर कप हातात दिला असता.

मोखाड्याला उतरून मी आधी पाड्यावर गेलो नाही, याला कारण होतं. आमच्या सुभेदार साहेबांनी विमानात बसण्याआधी आम्हाला मैदानात बसवून सगळं समजावलं होतं. ते म्हणाले, मोठं महायुद्ध संपलं तेव्हा शहरंच्या शहरं जळालेली होती. मग थकलेले देश एका टेबलाभोवती बसले आणि म्हणाले, यापुढं भांडण झालं तर आधी बोलायचं. तसा कागद केला. पण कागदाला पाय नसतात. म्हणून आधी नुसती बघणारी माणसं पाठवली, हातात वही आणि दुर्बीण, हत्यार नाही. पुढं दोन फौजांच्या मधे उभं राहायला शिपाई लागले. ते कुणाचेच नाहीत हे लांबून कळावं म्हणून त्यांच्या टोपांना घाईघाईत निळा रंग मारला. मला ते आवडलं होतं. घाईत मारलेला रंग इतकी वर्षं टिकला. साहेबांनी नियमही सांगितले. दोन्ही बाजूंनी या म्हटल्याशिवाय जायचं नाही. कुणाची बाजू घ्यायची नाही. जीव वाचवायलाच गोळी.

महादूच्या घरून बोलावणं आलेलं होतं. लहानूचं यायचं होतं. म्हणून मी सरळ पुढं जव्हार गाठलं, आणि जव्हारहून जीपनं जामसर.

लहानू अंगणात खाटेची दोरी ताणत होता. साठीला आलाय, पण हिराचं नाक त्याच्या तोंडावर तसंच बसवलेलं. मी ते बघायचं टाळत होतो.

"दाजी, बाय गेली तव्हा आलतो, त्यानंतर आज बगतोय. वाळलात," तो म्हणाला.

"मोहावरून कोयता काढलास म्हणे."

"त्यानं कुराड काढली, ते नाय सांगितलं वहिनीनं?"

"सांगितलं. मी मधे उभा राहिलो तर चालेल का तुला, ते विचारायला आलोय."

लहानूनं दोरीची गाठ मारली. "तुमी उभं राहा. मी वेचतो. पन तो कुराड आनील तं मी काय खाली बगत फुलं वेचू?"

"या घरात तुला काय कमी आहे? सासऱ्याची भातं आहेत."

"सासऱ्याची," तो म्हणाला. "माज्या बापाचं म्हनून माज्याकडं एक टोपलंभर फूल येतं वर्साला. बाकी मी इथं पावनाच."

जेवायला नागलीची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण आणि उडदाचं वरण. लहानूच्या बायकोनं भाकरी वरणात चुरून दिली, दात नाहीत हे न सांगता तिनं ओळखलं. बोंबील मी चोखून खाल्ला. चांगला झाला होता. लांगरी माणूस उगाच चांगलं म्हणत नाही. त्या बोंबलानं पुढं काय केलं ते येईलच.

मोखाडा, खोडाळा

दुसऱ्या दिवशी उलटा प्रवास. लहानू मागून येणार होता. मोखाड्यात जीप बदलून खोडाळ्याच्या बाजारात उतरलो. कांदे, मिरच्या, सुकी मासळी, प्लास्टिकच्या चपला, आणि सगळ्यांवर मोहाचा आंबूस गोड वास, कारण ओली फुलं पाटीत घेऊन बाया आलेल्या. मी तांदूळ, डाळ, मीठ घेतलं. स्टो माझा मी आणला होता. कॅम्पात आम्ही दोन्ही बाजूंपैकी कुणाचंच अन्न घ्यायचं नाही असा दंडक होता. डाळ-तांदूळ आपल्या देशातून, बाकी डबे विमानातून. मी ठरवलं, इथंही तसंच. अंगणवाडीच्या ओट्यावर झोपायचं, आपलं आपण शिजवायचं. जामसरला जेवलो ते कामाला लागायच्या आधी, ते मोजायचं नाही.

मग एका दुकानातून पांढरी फक्की घेतली, मैदानावर रेघा मारतात ती.

"कबड्डी हाय का?" दुकानदारानं विचारलं.

"हो."

"किती संघ?"

"दोनच खेळाडू. दोघं साठीचे."

तो हसला नाही. त्याला वाटलं मी खरंच सांगतोय. खरंच सांगत होतो.

पाडा

पाड्यावर तीस-बत्तीस घरं, कुडाच्या भिंती, काहींवर आता पत्रे. महादू ओट्यावर बसलेला. मोठा माणूस, कमी बोलणारा. उठून पाया पडला, मी वयानं मोठा म्हणून. जानकी वहिनीनं पाय धुवायला पाणी ठेवलं आणि चुलीवर काहीतरी चढवलं. वास ओळखीचा होता, कुळथाचा.

"वहिनी, माझं जेवण करू नका."

"का? पोट बिघडलंय?"

"नाही. मी दोघांचाही नाही, असं राहायचंय. मी अंगणवाडीत राहीन, माझं मी शिजवीन."

ती पळी हातात धरून बघत राहिली. "पानी तरी पिशाल, का ते पन कोनाच्या घड्यातलं बगून?"

मी पाणीही माझ्या बाटलीतलं प्यालो. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला वाटलं मी ड्यूटी करतोय. महादू उठून गोठ्याकडं गेला. सासुरवाडीच्या ओट्यावर बसून जावई बाटलीतलं पाणी पितो, हे पाड्यानं बघितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं.

झाड बघायला गेलो. दोघांच्या कवेत न मावणारं खोड, पानं गळलेली, वर फुलांचे घोस. खाली फुलं पडून पडून सडा झालेला, माश्या घोंघावत होत्या. कुणी वेचलेली नव्हती. खोडावर कमरेएवढ्या उंचीला कुऱ्हाडीचा घाव, ताजा, आतलं लाकूड लालसर दिसत होतं. हिरानं मला हे झाड एकदा दाखवलं होतं, लग्नानंतर. मी तेव्हा म्हणालो होतो, झाडात काय बघायचं.

रेघ

तिसऱ्या दिवशी उजाडताच मी फक्कीनं झाडाच्या बुंध्यापासून दोन्ही बाजूंना सरळ रेघ मारली. पूर्वेला महादू, पश्चिमेला लहानू. लहानूनं आदल्या संध्याकाळी येऊन आपल्या बाजूला फांद्यांचं खोपट घातलं होतं. बुंध्याशी मी माझा स्टो घेऊन बसलो.

मोहाचं फूल देठातून सुटून टप्पकन पडतं, गारेसारखं. पांढरट, जाडं, रसाचं. त्या सकाळी सगळीकडं टपटप होती आणि दोघं भाऊ पाठीला पाठ लावून वाकलेले. एक शब्द नाही. दहा वाजेपर्यंत दोन्ही टोपल्या भरल्या. मी खिचडी लावली. मला वाटलं, जमलं.

पाड्यावरची एक म्हातारी काठी टेकत येऊन उभी राहिली. रेघेकडं बघून म्हणाली, "हे काय, लगनाचा मांडव हाय का मयताचा?"

"भांडण होऊ नये म्हणून आहे, मावशी."

"आमी तं झाड बगत व्हतो इतकी वर्सं. आथा रेघ बगू," ती म्हणाली आणि गेली.

मी त्यावर हसलो. हसायला नको होतं, कारण ही गोष्ट मी आधी बघितलेली होती.

आफ्रिकेत आमची चौकी एका रस्त्यावर होती. वरच्या अंगाला एक जमात, खालच्या अंगाला दुसरी. मधे आम्ही पांढरे रंगवलेले ड्रम मांडले होते. लोक मला विचारतात, त्या फौजेचा उपयोग होतो का? मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं तेवढंच सांगतो. आम्ही होतो तोवर आठ महिने त्या रस्त्यावर कुणी मेलं नाही. शाळा भरायची. एक बाई रोज कंदांची टोपली घेऊन तारेशी यायची, मी रोज हातानं नको म्हणायचो, दंडक होता. ती रोज हसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. मग वरून हुकूम आला, चौकी हलवा. कुठंतरी कुणीतरी कागदावर ठरवलं होतं. हलवली. तिसऱ्या दिवशी टेकडीच्या मागून धूर दिसला. आम्ही पोचलो तेव्हा करायचं काही उरलं नव्हतं. आमची पलटण धूर दिसल्यावर पोचायची, हे तिथं नेहमीचंच. ड्रम मात्र जागच्या जागी होते. आमच्या आधी त्या लोकांना एकमेकांची गुरं ठाऊक होती, एकमेकांच्या लेकी ठाऊक होत्या. आम्ही ड्रम मांडल्यावर त्यांना बाजू ठाऊक झाली. आठ महिने जगली ती माणसंही खरी, आणि ते ड्रमही खरे. यात बेरीज-वजाबाकी कशी करायची ते मला येत नाही, सातवीत गणितातच गचकलो.

हे मी फक्त हिराला सांगितलं होतं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्या बाईचे कंद घ्यायला पाहिजे होते."

मी म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं."

घाव

चौथ्या सकाळी जाऊन बघतो तर वाऱ्यानं सगळी फुलं पश्चिमेला लोटलेली. लहानूच्या बाजूला थर, महादूच्या बाजूला नुसती माती. महादू आला आणि रेघ ओलांडून पलीकडं वेचायला वाकला.

"रेघ हाय," लहानू म्हणाला.

"फुलं माज्या फांदीची हायत."

"रेघ मी नाय मारली, दाजींनी मारली. बगा दाजी, कोन मोडतंय ते."

महादूनं पायानं रेघ पुसली आणि टाचेनं दुसरी ओढली, चार हात पश्चिमेला. "ही घे रेघ."

"तुज्या टाचंची रेघ मी मानू?"

"मग फक्कीची कशाला मानतो? तो काय देव हाय, बाजारातून फक्की आनलेला?"

मी म्हणालो, "महादू, मागं हो. दोघंही मागं व्हा."

दोघंही झाले नाहीत. आणि मग लहानू बोलला ते बोलला. "दाजींना सगळं कळतं, कोन कसा हाय ते. माज्या घरी बोंबील-भाकर खाऊन आले. तुज्या घरचं पानी पन नाय पिलं."

महादू माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तो घराकडं गेला आणि कुऱ्हाड घेऊन आला. लहानूनं खोपटातून कोयता काढला.

मी झाडाला पाठ लावून, घावावर पाठ लावून उभा राहिलो. एवढंच मला येत होतं.

"बाजूला व्हा दाजी."

"नाही होणार."

"तुमी कोन?"

"तुझ्या बहिणीचा नवरा."

"मंग माज्या घरचं अन्न कसं नाय चाललं तुमाला?" महादू म्हणाला. "त्याच्या घरचं चाललं. माजं नाय. बायच्या माघारी माजं घर बाटलं का?"

 बाजू घेऊ नये म्हणून मी केलं, आणि त्यानंच बाजू झाली. त्यानं माझा दंड धरून मला बाजूला सारलं. जोरानं नाही, पण बहात्तर वर्षांच्या गुडघ्याला तेवढं पुरतं. मी खाली बसलो तो खिचडी लावलेल्या स्टोवरच हात टेकून. खिचडी सांडली, हात भाजला. लहानू कोयता टाकून मला उठवायला धावला. महादूही वाकला. मी दोघांच्या मधे मातीत बसलेला, आणि दोघांनी मला एकेका काखेतून धरलेलं. असा उभा राहिलो.

तेवढ्यात जानकी वहिनी आली. तिच्या हातात एक जुनी बांबूची टोपली होती, काठ चिंध्यांनी शिवलेला. ती टोपली मी ओळखली. काठाला बांधलेली हिरवी चिंधी हिराच्या फाटक्या लुगड्याची होती.

"आथा तिघंही ऐका," ती म्हणाली. "दाजी, तुमाला बाय कदी बोलली नाय का, ती इथं काय करायची?"

"नाही." खरं म्हणजे मी विचारलं नव्हतं.

मग तिनं सांगितलं. या घरात मोहाचं पहिलं फूल घरची लेक उचलते. आधी त्यांची आई उचलायला लावायची, मग हिरा स्वतःच दर वर्षी यायची. फुलं पडायला लागायच्या आदल्या दिवशी हजर. झाडाखाली स्वतः झाडून घ्यायची, सगळं आवार, एकाच झाडूनं. पहिलं फूल उचलून बुंध्याशी देवाचा दगड आहे त्याला ठेवायची. मग दोघा भावांनी वेचायचं, पण टोपली एकच, तिची. भरली की ती बसून वाटा करायची, एक ओंजळ इकडं, एक ओंजळ तिकडं. दुपारी महादूकडं जेवायची, संध्याकाळी लहानूच्या खोपटात. रोज, पंधरा दिवस.

"दोघांच्या हातचं खायची, मंग दोघांना शिव्या द्यायची," वहिनी म्हणाली. "तुमी कोनाचंच खाल्लं नाय. मंग तुमचं कोन ऐकनार?"

महादूनं कुऱ्हाड जमिनीवर टेकवली. झाडाकडं बघत म्हणाला, "यानं पहिलं फूल उचलल्याबिगर टोपली भरली. बाय मेली म्हनून काय झाडाला नेमच नाय राहिला? मला ते नाय बगवलं. म्हनलं, तिनं नाय उचललं तं कोनीच नको."

"मी चार दिवस वाट बगितली," लहानू म्हणाला.  "फुलं कुजाया लागली. कोन उचलनार व्हतं सांग. कोन व्हतं?"

 वरून टप्, टप् चालूच होतं. हे भांडण फुलांचं आहे असं समजून मी नाशिकहून आलो होतो. त्या दोघांना जे झालं होतं तेच मला झालं होतं, आणि मी दोन दिवस मधे बसून ते ओळखलं नाही.

"लेकीच्या जागी जावई चालतो का?" मी विचारलं.

"चालतो का नाय ते देव बगंल," वहिनी म्हणाली. "तुमी आधी झाडून घ्या."

तिनं झाडू दिला. मी सगळं आवार झाडलं, पूर्वेचं, पश्चिमेचं. फक्की मातीत मिसळली. कंबर धरली. तेव्हा कळलं, ती कशी धरते. मग एक फूल वाट बघून, नुकतंच पडलेलं, उचललं आणि दगडाशी ठेवलं. काय म्हणायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "आलो."

दुपारी महादूकडं कुळथाचं पिठलं आणि भात. दोनदा मागून घेतला. संध्याकाळी लहानूच्या खोपटात भाकरी आणि भाजलेली मोहाची फुलं. वरच्या दातांवर तीही चोखून खाल्ली. रात्री पोट बिघडलं, त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

परत

अकरा दिवस राहिलो. दोघं भाऊ एकमेकांशी बोलले, असं मी लिहिणार नाही, कारण ते बोलले नाहीत. महादू मला म्हणायचा, "त्याला सांगा, खालच्या फांदीखाली हायत." लहानू मला म्हणायचा, "सांगा, बगितली." दोघांच्या मधे दोन हात अंतर, आणि मी निरोप्या. हिराचंही असंच असायचं का, वहिनीला विचारलं. ती म्हणाली, असंच. चाळीस वर्षं असंच. मला वाटलं होतं ती सोडवून आली असेल. तिनं काही सोडवलं नव्हतं. ती दर वर्षी जात होती, बस.

आमच्या त्या फौजेबद्दल शहाणी माणसं पेपरात लिहितात, की इतकी वर्षं उभे राहिले, भांडण काही मिटलं नाही. बरोबर लिहितात. पण उभं राहणं आणि मिटवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे ज्यानं स्वयंपाक केला आहे त्याला कळेल. उद्या पुन्हा भूक लागणार म्हणून आज कुणी चूल विझवून बसत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी महादूनं शेण आणि चिकणमाती कालवून झाडाच्या घावावर लिंपली. पाणी कमी पडलं. लहानूनं झऱ्यावरून हंडी भरून आणली, महादूच्या पायाशी ठेवली आणि वळून खोपटाकडं गेला. महादूनं ते पाणी वापरलं. मी बुंध्याशी बसून बघत होतो. एवढंच झालं.

हिराची टोपली मी वहिनीकडं परत खुंटीला टांगून ठेवली. महादू जीपपर्यंत सोडायला आला. वाळलेल्या फुलांची पुरचुंडी माझ्या पिशवीत कोंबून म्हणाला, "पुढल्या साली कव्हा येशाल?"

लहानू माझ्याबरोबर मोखाड्यापर्यंत आला, तिथून त्याची जव्हारची गाडी. त्यानंही पुरचुंडी दिली, आणि खिडकीशी उभा राहून तेच विचारलं.

मी बहात्तरचा आहे. गुडघा गेलाय. माझ्यानंतर कोण, हे त्या दोघांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. दोघांना मी एकच उत्तर दिलं. या वेळी मी घाव पडल्यावर पोचलो. हिरा कधीच तशी पोचली नव्हती.

"फुलं पडायच्या आदल्या दिवशी," मी म्हणालो.